पाऊस थांबल्यावर आलेले पाणी कुणाचे?



सप्टेंबर २०२५ चा पूर ओसरल्यावर आम्ही काही कार्यकर्ते निलंगा तालुक्यात तेरणाकाठच्या गावांतून फिरत होतो. सोयाबीन काढणीला आलेले होते. शेंगांना जागेवरच कोंब फुटले होते, उसावर गाळ चढला होता आणि ओढ्याकडेच्या काही रानांत तर मातीच शिल्लक नव्हती, खालचा मुरूम उघडा पडला होता. एका गावात गायरान कसणाऱ्या एका आत्याबाईंनी आम्हाला विचारले, "पाऊस तर सकाळीच उघडला व्हता. मग पाणी सांजच्याला कुटून आलं?"

हा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

या प्रश्नाचे सरकारी उत्तर ठरलेले आहे: अतिवृष्टी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला की अतिवृष्टी झाली. पंचनाम्याला कारण मिळाले, फाइल पुढे सरकली. पाऊस पडला हे खरेच आहे, भयंकर पडला, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण 'अतिवृष्टी' हा शब्द लिहिला की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. पावसाला कुणी नोटीस काढत नाही. पावसाची खातेनिहाय चौकशी होत नाही. म्हणूनच हा शब्द सगळ्यांना इतका आवडतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. निलंगा तालुक्याला दोन नद्यांचे पाणी येते. मांजरा येते बीड आणि धाराशिवच्या हद्दीवरच्या धनेगाव धरणातून, लातूर ओलांडून. तेरणा येते लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या निम्न तेरणा धरणातून. दोघींची गाठ पडते औराद शहाजानीजवळ आणि मग मांजरा कर्नाटकात बीदरकडे जाते. माकणीपासून औरादपर्यंत तेरणेवर बॅरेजची माळच आहे: लिंबाळा, मदनसुरी, गुंजरगा, तगरखेडा, औराद. मांजरेवरही तशीच. प्रत्येक बॅरेजला लोखंडी दारे आहेत. ती कुणीतरी टाकतो, कुणीतरी उचलतो. याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच मांजरा धरणाची अठराच्या अठरा दारे उघडावी लागली. पाच वर्षांत ही दोन टोके. यात निसर्गाचा वाटा किती आणि दारांचा किती, हे कुणी विचारायचे की नाही?

एखाद्या रानात पाणी भरते तेव्हा कारण एक नसते. रानावर पडलेला पाऊस असतो. वरच्या धरणातून सोडलेला विसर्ग असतो. बॅरेजची दारे वेळेत उचलली नाहीत तर मागे चढणारा फुगवटा असतो. संगमावर मांजरा तुडुंब असेल तर तेरणेला पुढे सरकायला जागा उरत नाही, ती मागे तुंबते, आणि तिच्यात येणारे ओढे उलटे वाहायला लागतात. शिवाय नवे रस्ते आहेत. जमिनीपासून पुरुषभर उंच भराव, आणि पूर्वी जिथे ओढा पसरून जायचा तिथे आता दोन नळकांड्यांचा पूल. त्यात वेड्या बाभळीने आणि गाळाने भरलेली पात्रे. हे सगळे एकाच रात्री एकत्र येते. काठावर उभ्या माणसाला फक्त पाणी दिसते, त्यातले कुठले कुणाचे हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

पण गणिताने सांगता येते. जलप्रवाहाचे मॉडेल नावाची जी गोष्ट आहे ती याच कामासाठी आहे, आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. नदीचा आणि शिवाराचा उंचसखलपणा कॉम्प्युटरमध्ये भरायचा. पात्राचे आडवे छेद भरायचे, म्हणजे कुठे ते किती रुंद आणि किती खोल. पात्र किती खडबडीत आहे त्याचा आकडा द्यायचा, कारण बाभळीच्या जाळीतून पाणी जितके अडखळते तितके स्वच्छ वाळूवरून अडखळत नाही. पूल, बॅरेज, भराव जागच्या जागी मांडायचे. मग तासातासाचा पाऊस आणि तासातासाचा विसर्ग वरून सोडायचा, आणि कोणत्या वाजता कोणत्या गटात किती पाणी चढते ते पाहायचे. हे करणारे 'हेक-रास' नावाचे सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बनवले आहे आणि ते फुकट आहे. नकाशांसाठीचे 'क्यूजीआयएस' तेही फुकट. युरोपच्या 'सेंटिनेल-१' या रडार उपग्रहाला ढगांच्या आडूनही पाणी दिसते आणि त्याची चित्रेही कुणालाही उतरवून घेता येतात.

खरी गंमत पुढे आहे. तेच मॉडेल पुन्हा चालवायचे, पण यावेळी बॅरेजची दारे आदल्या दिवशीच उचललेली आहेत असे मानून. मग पुन्हा, धरणातला विसर्ग दोन दिवस आधीपासून थोडा थोडा सोडला असे मानून. मग पुन्हा, रस्त्याच्या भरावाखाली दोनाच्या जागी सहा नळकांडी आहेत असे मानून. पाऊस प्रत्येक वेळी तोच. प्रत्येक वेळी आत्याबाईंच्या रानात पाणी किती चढले ते मोजायचे. जो फरक पडेल तो त्या त्या कारणाचा वाटा. आत्याबाईंनी सकाळ आणि सांज यांत जे अंतर सांगितले, ते या हिशेबात सगळ्यात मोलाचे आहे. रानावरच्या पावसाचे पाणी पावसाबरोबर येते. नदी फुगून ओढ्यातून उलटे आलेले पाणी तासांनी उशिरा येते. बाईने विचारलेला प्रश्न हा जलशास्त्राचा प्रश्न आहे, फक्त तो विचारायला तिला कुणी पदवी दिलेली नाही.

हे सरकारला माहीत नाही असे समजू नका. शहरालगत बांधकामाच्या परवानगीसाठी नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, ती याच जातीच्या हिशेबाने. म्हणजे प्लॉटची किंमत ठरवायची असते तेव्हा नदीचे गणित मांडता येते. शेत बुडाले की मात्र ते एकदम दैवाधीन होते.

मॉडेल आले म्हणजे न्याय आला असेही नाही, आणि इथे आपल्यातल्या तंत्रज्ञानभक्तांना थोडे थांबवले पाहिजे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले. सगळे बोट अलमट्टी धरणाकडे होते. राज्य सरकारने निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० च्या अहवालात समितीने गणिती अभ्यासाच्या आधारे सांगितले की या पुराला अलमट्टी थेट कारण नाही. २०२१ मध्ये तोच भाग पुन्हा बुडाला. पुढे अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला त्याच राज्याचा विरोध सुरू राहिला, आणि फुगवट्याचा नवा अभ्यास रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे सोपवला गेला. कोण बरोबर हा वाद आम्ही इथे सोडवत नाही. आमचा मुद्दा असा की मॉडेलला जे विचाराल त्याचेच ते उत्तर देते, आणि कोणते आकडे आत घातले ते लोकांसमोर नसेल तर प्रत्येकाला आपल्या सोयीचा अहवाल मिळतो. तरीही सांगलीला निदान दोन अभ्यास लाभले, कारण तिथे शहर बुडाले, पेठा बुडाल्या. तेरणाकाठी आम्ही फिरलो त्या गावांत असा एक कागद कुणी पाहिलेला नाही.

प्रश्न कसा विचारायचा हे बाबासाहेबांनी आपल्याला ८ नोव्हेंबर १९४५ रोजी शिकवून ठेवले आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. त्या दिवशी कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद भरली. महानदीच्या पुरावर एकामागून एक समित्या झाल्या होत्या, त्यातल्या एकीवर खुद्द विश्वेश्वरय्यांचे नाव होते. बाबासाहेबांनी त्यांचा आदर राखून सांगितले की या समित्यांचा मूळ दृष्टिकोनच चुकला: जास्त पाणी हे संकट समजून ते समुद्राकडे लवकर कसे घालवायचे एवढेच त्यांनी पाहिले, ते पाणी साठवून लोकांच्या कामी आणण्याचा विचार केला नाही. मोठ्या अभियंत्यांच्या अहवालांना प्रश्न विचारायला ते बिचकले नाहीत. आपण चौदा एप्रिलला त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, सहा डिसेंबरला महामानव म्हणतो. दामोदर, महानदीच्या नियोजनात बसलेले बाबासाहेब आपल्या बॅनरवर येत नाहीत.

आता निलंग्याच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. बॅरेजची दारे कधी टाकायची? पावसाळा संपताना टाकायची, म्हणजे परतीचे पाणी अडेल आणि उन्हाळ्यापर्यंत पुरेल. सप्टेंबरात हा जुगार असतो. लवकर टाकली तर साठा पक्का, पण मोठा पाऊस आला तर फुगवटा. उशिरा टाकली तर शिवार सुरक्षित, पण पाऊस गेला तर बॅरेज कोरडे. या जुगारात जिंकणारा कोण? ज्याची मोटार नदीत आहे, पाइपलाइन आहे, ऊस आहे. हरणारा कोण? ज्याचे रान ओढ्याच्या तोंडाशी आहे. नदीकाठच्या बागायतदाराचाही ऊस बुडतो, हे आम्ही नाकारत नाही, त्याचेही नुकसान खरेच आहे. पण त्याला उरलेल्या वर्षभर त्या दारांमागचे पाणी मिळते. ओढ्याकाठच्या गायरानवाल्याच्या वाट्याला दारांमधले फक्त पुराचे दोन दिवस येतात. फायदा एकाचा, जोखीम दुसऱ्याची, आणि दोघांच्या पंचनाम्यावर कारण एकच. ही वाटणी पावसाने केलेली नाही.

आणि पंचनामा तरी दोघांचा कुठे होतो? ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचे काम, असे त्यात आहे. आकडा मोठा आहे. पण सातबारा नसेल तर ई-पीक पाहणी नाही, फार्मर आयडी नाही, मग मदत कोणत्या खात्यावर येणार? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी आणि कितीतरी अनाम कार्यकर्त्यांनी गायरानासाठी डोकी फोडून घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नावावर करायची होती. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी कित्येकांच्या हातात दंडाच्या पावत्या आहेत, सातबारा नाही. त्यांची माती वाहून गेली तर सरकारी भाषेत काहीच वाहून गेलेले नसते.

म्हणून आमची पहिली मागणी मॉडेलच्या हद्दीबद्दल आहे. उद्या कुणी शासकीय संस्थेने तेरणेचा अभ्यास केलाच, तर तो नदीच्या पात्रापुरता करून चालणार नाही. ओढे, वगळी, रस्त्याच्या मोऱ्या आणि गायरानाचे तुकडे आत घेतले पाहिजेत. नदीचे मॉडेल ओढ्याच्या तोंडाशी संपवले की आत्याबाईंचे रान नकाशाच्या बाहेर राहते, आणि जे नकाशाच्या बाहेर त्याचे नुकसान शून्य. गावकुसाबाहेर राहण्याचा हा नवा प्रकार आहे, आणि तो करायला कुणाला जातीचे नावही घ्यावे लागत नाही.

कुणी म्हणेल, हे नदीनाले आणि आकडेमोड यात धम्म कुठे आला? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाने घर का सोडले हे बाबासाहेबांनी कसे मांडले ते आठवा. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले म्हणून. संघ युद्धाला निघाला तेव्हा सिद्धार्थाने काय सुचवले? आपली माणसेही दोषी असू शकतात, आधी चौकशी करा. आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा. नदीच्या तंट्यात कारण शोधायचे, आणि शोधणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसे बसवायची. प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात शिकतो, की जे घडते ते कारणांतून घडते, कुणाच्या कोपाने नाही. मग पुराच्या वेळी 'निसर्गाचा प्रकोप' हा शब्द आपल्या तोंडी कसा येतो? तेरणा-मांजरेच्या चौकशीतही धरणाचा अभियंता असेल तर बुडालेल्या रानाचा माणूस असला पाहिजे, आणि सातबारा नसलेलाही असला पाहिजे.

ही चौकशी कुठवर जाऊ शकते हे पाहायला न्यू ऑर्लिन्सकडे पाहावे लागेल. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळात तिथली लोअर नाइन्थ वॉर्ड ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती बुडाली. सगळे म्हणाले, वादळच तसे होते. रहिवासी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की लष्कराच्या अभियंता दलाने जहाजांसाठी खोदलेला कालवा वर्षानुवर्षे निगराणीविना रुंदावत गेला आणि लाटांना बांधापर्यंत वाट मिळाली. दोन्ही बाजूंनी लाटांची आणि प्रवाहाची मॉडेल मांडली. नोव्हेंबर २००९ मध्ये संघीय न्यायाधीश स्टॅनवूड ड्यूवल यांनी अभियंता दलाचा हलगर्जीपणा मान्य केला. २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने सरकारला असलेल्या कायदेशीर संरक्षणाचा आधार घेऊन तो निकाल फिरवला, भरपाई गेली. पण तोपर्यंत तो कालवा दगडी बांध घालून बंद झालेला होता. त्याच दलाचे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते, हा योगायोग आम्हाला आवडतो.

आता थोडे घरातले. आपल्या चळवळीत अॅट्रॉसिटीच्या केसवर रात्री बारा वाजता पोलीस ठाण्यात जाणारी पोरे आहेत, शिष्यवृत्तीच्या तारखा तोंडपाठ असणारे आहेत. पण पूर आला की आपण काय करतो? धान्याची किट वाटतो, फोटो टाकतो, तहसीलवर निवेदन देतो, ज्यात 'सरसकट मदत द्या' एवढे एकच वाक्य असते. निवेदन घेणाऱ्या साहेबाला ते सोयीचे असते. एका कार्यालयात आम्ही दारे किती वाजता उचलली असे विचारले, तर समोरच्याने आमच्याकडे असे पाहिले जणू आम्ही त्याच्या घरातल्या भानगडी विचारल्या. मदतीच्या मागणीने कुणी दचकत नाही. वेळ विचारली की दचकतात. आपली कितीतरी मुले पुण्यात, हैदराबादेत कॉम्प्युटरवर बसून परदेशी कंपन्यांचे डेटा सांभाळतात. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली आहेत. वर्षातले दोन शनिवार-रविवार तेरणेला देता येणार नाहीत का?

एक भीती आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने बोलून दाखवली आणि ती खोटी नाही. तुम्ही नकाशा काढाल, गायरान पुराच्या क्षेत्रात दाखवाल आणि उद्या त्याच नकाशाने आमची माणसे उठवतील. २०११ च्या जगपालसिंग निकालापासून गायरानावर टांगती तलवार आहेच, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसांचा पाऊस पडला होता. म्हणून नकाशा आधी आपल्या हातात हवा. रान मुळातच पुराचे आहे की बॅरेज आणि रस्ता झाल्यानंतर ते पुरात गेले, हे मॉडेलमधून बॅरेज आणि भराव काढून दाखवता येते. हे दाखवायला दुसरे कुणी येणार नाही.

मॉडेलच्या मर्यादाही सांगून टाकतो. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत दोनचार मीटरची चूक असू शकते, आणि आपल्या सपाट काळ्या रानात अर्ध्या मीटरने पीक जगते किंवा मरते. ही चूक दुरुस्त करायची असेल तर जागेवरची मापे लागतात: पाणी कोणत्या भिंतीला कुठवर लागले आणि किती वाजता. तज्ज्ञ ज्याला पूरखूण म्हणतात ते आपल्या आयाबायांच्या डोक्यात जसेच्या तसे आहे. ते कुणी लिहून घेत नाही म्हणून दोन वर्षांत पुसले जाते.

आम्ही लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. गवंड्याची पाण्याची नळी, टेप, निळ्या रंगाचा डबा आणि वही, एवढेच साहित्य लागते. समाजमंदिराच्या भिंतीवर पाण्याची रेघ ओढून शेजारी तारीख घालायची, तिथून नळीने लेव्हल घेत रानापर्यंत जायचे. दुसरीकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: माकणी आणि धनेगाव धरणांचा सप्टेंबर २०२५ मधला तासातासाचा विसर्ग, प्रत्येक बॅरेजची दारे टाकल्याची आणि उचलल्याची तारीख-वेळ, गावांना इशारा कधी आणि कुणामार्फत दिला त्याची नोंद, रस्त्याच्या मोऱ्यांचे मंजूर नकाशे. खरे तर कलम ४ प्रमाणे हे न मागता प्रसिद्ध व्हायला हवे. उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असे आले तर तेही जपून ठेवा, कारण दारे कधी उचलली याची नोंदच नाही असे लेखी मिळणे हाही पुरावाच आहे.

आत्याबाईंकडे घड्याळ नव्हते. आम्ही वेळ विचारली तेव्हा त्यांनी असे सांगितले: दिवेलागणीला पाणी ओढ्याच्या चिंचेला लागले, भाकरी झाल्या तेव्हा बांधावर आले, आणि लेकरे निजली तेव्हा सोयाबीनचे शेंडे दिसेनासे झाले. वहीत आम्ही तसेच उतरवले आणि शेजारी अंदाजे तास घातले. चिंच, बांध आणि शेंडे यांची उंची नळीने मोजून झाली आहे. त्या दिवशीच्या दारांच्या वेळा तेवढ्या यायच्या आहेत.